पाळकांच्या पत्त्यावर

माझ्या नवऱ्याचं पत्र आधी साऱ्या मंडळीनं ऐकायचं आणि मग मी हातात घ्यायचं, ही रीत कोणी घातली ते मला आजही माहीत नाही. ज्यानं घातली त्याला बायको नसावी.

आमची वस्ती मिरजगावपासून दोन कोसांवरच्या एका खेड्याबाहेर होती. वीस-बावीस ख्रिस्ती घरं, मधे एक कडुनिंब आणि पत्र्याची एक लांब खोली. त्या खोलीत आठवडाभर शाळा भरायची आणि रविवारी उपासना व्हायची. आम्ही तिला देऊळच म्हणायचो. दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यावर वस्तीतले अकरा पुरुष पलटणीत गेले, त्यांत माझे मालकही होते. नवऱ्याला तेव्हा आम्ही मालकच म्हणायचो. ते मिशनच्या कारखान्यात सुतारकाम शिकले होते, म्हणून पलटणीत त्यांना पूल बांधायच्या कामावर घेतलं. कुठल्या मुलखात, ते लिहायची त्यांना मनाई होती.

टपालवाला आमच्या वस्तीत पाय ठेवत नसे. गावचं टपाल तो चावडीत टाकून जाई. तिथं आमच्या माणसांनी पायरीखाली उभं राहून विचारायचं; चावडीतल्या कोणाला वाटलं तर उत्तर मिळायचं, नाहीतर नाही. म्हणून आमच्या पाळकांनी, म्हणजे उपासना चालवणाऱ्या आमच्या धर्मगुरूंनी, अकराही जणांना निघताना बजावलं होतं की पत्रं माझ्या पत्त्यावर मिरजगावच्या पोस्टात पाठवा. बाजाराच्या दिवशी पाळक मिरजगावला जात, आलेली पत्रं घेऊन येत, आणि रविवारी दान गोळा झालं की शेवटच्या प्रार्थनेआधी एकेक पत्र फोडून मोठ्यानं वाचत. वस्तीत वाचता येणारी माणसं तीन-चारच. त्यामुळे यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मला वाटत होतं. मी नगरला मुलींच्या बोर्डिंगात राहून मराठी सहावी झालेली. माझं अक्षर आमच्या बाई इतर मुलींना दाखवायच्या. आणि माझ्याच नवऱ्याचं पत्र मला दुसऱ्यानं वाचून दाखवायचं! पाळकांना एकदा तसं म्हणाले, तर ते हसून म्हणाले, "सूनबाई, तो तुमचा नवरा असेल, पण मंडळीचं लेकरू आहे." माणूस भला होता, पण भल्या माणसांना एकदा काही पटलं की ते कोणाच्या बापाला ऐकत नाहीत.

मग तो हिरव्या चोळीचा रविवार आला. मालकांनी लिहिलं होतं की संध्याकाळी काम संपलं की तुझी हिरवी चोळी डोळ्यांपुढं येते आणि जेवण गोड लागत नाही. पाळकांनी हे वाक्य, बायबलच्या जुन्या करारातल्या वंशावळी वाचतात त्याच सुरात, न अडखळता वाचलं. आणि माझं नशीब असं की त्या दिवशी माझ्या अंगात तीच चोळी होती. बायकांच्या बाजूच्या सगळ्या माना एकदम वळल्या. पुरुषांच्या बाजूनं कोणीतरी खोकलं. बाहेर आल्यावर बायबलबाईनं मला गाठलं. बायबलबाई म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र शिकवणारी, पांढऱ्या लुगड्यातली आमची एक ठणठणीत म्हातारी. तिनं माझी बाही दोन बोटांत धरली आणि साऱ्यांच्या देखत विचारलं, "हीच का गं ती?"

मी घरी येऊन चोळी काढली आणि पेटीच्या तळाशी घातली. त्याच दुपारी मालकांना पत्र लिहायला बसले. यापुढं पाळकांच्या पत्त्यावर एक ओळ पाठवू नका, गावच्या पत्त्यावर माझ्या नावानं पाठवा, असं लिहिलं. आपल्या दोघांच्या मधे मला तिसरं माणूस नको, हेही ठणकावून लिहिलं. रागाच्या भरात आणखीही बरंच लिहिलं. मिरजगावला जाणाऱ्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडं पाकीट दिलं आणि कोणाला काही बोलले नाही. सासूबाईंनाही नाही.

त्यांना तर मुळीच सांगता आलं नसतं. माझ्या सासूबाईंना, मी त्यांना आत्याबाई म्हणायची, अक्षरओळख नव्हती. रविवारी त्या सगळ्यांत पुढं बसायच्या आणि पत्र वाचलं जात असताना पाळकांच्या तोंडाकडं अशा बघायच्या की जणू लेकच समोर उभा राहून बोलतोय. वाचून झालं की त्यांचेही ओठ हलत असत. ऐकलेली वाक्यं त्या पाठ करत. आठवडाभर जात्यावर बसून तीच वाक्यं म्हणत. मी हे रोज बघत होते, पण माझ्या डोक्यात फक्त माझं काय गेलं एवढंच होतं.

दीड-दोन महिने मी हौसेनं वाट पाहिली. नंतरचे दोन महिने रागानं. त्यानंतर मात्र भीतीनं. दर आठवड्याला मी चावडीच्या पायरीखाली जाऊन उभी राहायची. तिथला कारकून वर न बघता म्हणायचा, "न्हाई." एकदा वैतागून तो म्हणाला, "तुमा लोकांचं टपाल तुमच्या पाद्र्याकडं येतं ना? मग हितं कशापायी उबी ऱ्हाती?"

रविवारी बाकीच्या दहा जणांची पत्रं यायची, वाचली जायची. शेवटी पाळक रिकामा हात उलटा करून आत्याबाईंकडं बघायचे आणि म्हणायचे, "आज नाही, आजी." भरतीच्या वेळी नेमून दिलेली मनिऑर्डर मिरजगावच्या पोस्टात येत होती. पण ती सरकारी खात्यातून येते, तिच्यावर शिक्का असतो, माणसाचं अक्षर नसतं. मेलेल्यांच्या नावानंही ती दोन-चार महिने येतच राहते, असं आमच्या कानावर घालायला वस्तीत माणसं होतीच.

आणि मग मंडळी मदतीला धावून आली. देवा रे देवा! ज्याच्यावर आमची मंडळी धावून आली नाही, त्याला मी काय म्हणते ते कळायचं नाही. शाळेच्या फळ्यावर एका कोपऱ्यात आजारी आणि संकटातल्या माणसांची नावं खडूनं लिहिलेली असत. गुरुजी आठवडाभर तो कोपरा सोडून गणितं घालत. तिथं मालकांचं नाव सगळ्यांत वर चढलं. आमच्या दारात रोज संध्याकाळी प्रार्थनासभा भरू लागली, तीही नेमकी स्वयंपाकाच्या वेळेला. बायबलबाई डोळे मिटून प्रार्थनेला लागली की आधी आमचं घर, मग पलटण, मग बादशहा, मग शत्रूलाही सद्बुद्धी, अशी सगळीकडं फिरून यायची, आणि तोवर माझी भाकरी तव्यावर काळी ठिक्कर पडायची. उठून उलटावी तर आमेन म्हणायच्या आधी उठली म्हणून बोलणी. कोणी शेवग्याच्या शेंगा आणल्या, कोणी गोवऱ्यांची पाटी आणून टाकली. कंट्रोलचे, म्हणजे रेशनचे, जोंधळे कुबट निघाले तेव्हा शेजारणीनं स्वतःच्या कणगीतले चांगले आणून दिले आणि जाताना म्हणाली, "परभू कायबी कमी पडू देनार न्हाई." मला जोंधळे कमी पडलेच नव्हते. मला एक पाकीट कमी पडलं होतं.

पाळक दोनदा नगरच्या भरतीच्या कचेरीत जाऊन आले. दोन्ही वेळा चौकशी चालू आहे एवढंच उत्तर. आल्यावर ते आमच्या ओट्यावर बसले आणि धुळीनं भरलेले पाय पुशीत मला म्हणाले, "सूनबाई, शेवटचं पत्र आल्यानंतर त्याला राग यावा असं काही झालं का? तुमच्या काही लक्षात येतं का?" तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण आत्याबाई दारात बसल्या होत्या. मी म्हणाले, "नाही, काहीच नाही."

खरं सांगायचं तर मी देवाशीही बोलायचं टाकलं होतं. बोलायला गेलं की पहिल्यांदा तेच पत्र पुढं यायचं. माझ्याच शब्दामुळं ते लिहीत नसतील तर देवाला काय सांगायचं? आणि ते या जगातच नसतील तर मग काय मागायचं?

पेरण्या उरकल्या आणि आत्याबाईंनी अंथरूण धरलं. ताप नव्हता, खोकला नव्हता. जेवण मात्र सुटलं. अर्ध्या भाकरीवरून पाव भाकरीवर आल्या, मग नुसत्या पेजेवर. माझी लेक तेव्हा अडीच वर्षांची; ती त्यांच्या तोंडात घास कोंबायची तेव्हा कुठं चार घास जायचे. एके दिवशी मी पेज घेऊन गेले तर त्या भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "रागावलं आसंल पोरगं. पर म्या त्याचं काय केलं गं? येक डाव सांग म्हनावं, काय केलं."

त्याच दुपारी मी खोटं पत्र लिहिलं.

पलटणीतल्या पत्राचे जुने कोरे अर्धे कागद होते, त्यातला एक घेतला. मी खुशाल आहे, एका मोठ्या नदीवर पूल बांधतो आहोत, काम फार म्हणून लिहिता आलं नाही, असं लिहिलं. आईनं पोटभर जेवावं, ती जेवत नाही असं कळलं तर मला इथं घास जात नाही, असंही लिहिलं. रविवारी दान गोळा झाल्यावर मी उभी राहिले आणि पत्र या खेपेला चावडीत आलं असं सांगितलं. पाळकांनी हात पुढं केला. ते माझं अक्षर ओळखतील म्हणून मी कागद सोडला नाही, मीच वाचते म्हणाले. ज्या गोष्टीवरून मी एवढी भांडले, तीच मी माझ्या तोंडानं साऱ्या मंडळीपुढं करत होते, आणि पत्र माझंच होतं.

वाचून होईतो आत्याबाई रडत होत्या. सगळ्याच रडत होत्या. उपकारस्तुतीचं गीत झालं, डफ वाजला, बायबलबाईनं मला छातीशी धरलं. मग पाळक फळ्याकडं गेले आणि फडक्यानं मालकांचं नाव पुसून टाकलं. खडूची भुकटी खाली पडली ती मी पाहिली. घरी आल्यावर आत्याबाईंनी दीड भाकरी खाल्ली.

त्या संध्याकाळी आमच्या दारात कोणी आलं नाही. सभा दुसऱ्या घरी गेली, तिथं एक लेकरू गोवरानं आजारी होतं. माझी भाकरी न करपता टम्म फुगली. मला हवी होती ती शांतता मिळाली आणि ती मला खायला उठली. चूल विझवताना लक्षात आलं की आता या जगात माझ्या नवऱ्यासाठी कोणी प्रार्थना करत नाही. ते जिवंत असोत, जखमी असोत, कुठं पाण्यात पडलेले असोत, त्यांचं नाव मी माझ्या हातानं पुसून घेतलं होतं. मी स्वतः करावी, तर माझी जीभ उचलत नव्हती.

पंधरा दिवसांनी आत्याबाई विचारू लागल्या, "आलं का गं चावडीत?" मग मी दुसरं लिहिलं. दुसरं पहिल्यापेक्षा सोपं गेलं, याचंच मला भय वाटलं. मधल्या काळात खरी पत्रंही मी टाकत होते, हातापाया पडणारी, चुकले म्हणणारी. त्यांना उत्तर नव्हतं.

दर तीन महिन्यांनी आमच्यात प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करायचा विधी, असे. ताटलीत पोळीचे लहान तुकडे, रांगेतून ताटली पुढं सरकायची, ज्यानं त्यानं एक उचलायचा. मनात पाप ठेवून उचलायचा नाही, हे लहानपणापासून अंगी भिनलेलं. आमच्या मंडळीत ताटली तशीच पुढं सरकवणं म्हणजे दवंडी पिटणंच होतं. अमक्यानं घेतलं नाही, हे संध्याकाळपर्यंत मिरजगावच्या बाजारात कळायचं. ताटली माझ्याकडं आली. मी ती हातात धरून बसले, ना घेतलं ना पुढं दिली. आत्याबाईंनी कोपरानं ढोसलं. "घे की."

आणि मी उठून उभी राहिले. पुष्कळ जण नंतर म्हणाले की तिनं पश्चात्ताप केला. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता, मी ओरडले. सहा महिन्यांचा संताप होता तो, स्वतःवरचा, पाळकांवरचा, चावडीवरचा, देवावरचा. "ती पत्रं मी लिहिली," मी ओरडले. "दोन्ही मीच लिहिली. त्यांचं काही एक आलेलं नाही. ते कुठं आहेत मला माहीत नाही. त्यांचं नाव आधी फळ्यावर लिहा!"

आत्याबाई उठल्या, पदर सावरला आणि चालत बाहेर गेल्या. शेवटची प्रार्थना झाल्याशिवाय त्या देवळातून बाहेर पडल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पाळकांनी माझ्या हातातून ताटली घेतली, पुढच्या बाईकडं दिली, फळ्यापाशी गेले आणि खडूनं नाव लिहिलं. मग भोजनाचा विधी पुढं चालू झाला. मी उभीच होते. बस म्हणायचंही कोणाला सुचलं नाही.

उपासनेनंतर मंडळीचे तीन पंच कडुनिंबाखाली बसले. देवळात उभं राहून खोटं वाचलं, म्हणून पुढच्या दोन भोजनांपासून मला दूर ठेवायचं ठरलं. मी म्हणाले ठीक आहे. मला वाटलं, झालं, आता घरी जावं. तेवढ्यात बायबलबाई पुढं आली.

"तेवढ्यानं भागनार हाय व्हय?" ती पंचांवरच खेकसली. "पोरगं सापडाया नगं? दहा घरची मानसं पल्टनीत हायती. समद्यांना लिवा, आमचा सुतार कुठं दिसला तर कळवा म्हनून. आन् लिवायचं हिनंच. नवऱ्याचं खोटं लिवती, मग आमचं खरं लिवाया हिचा हात मोडतो का?"

शिक्षा आणि मदत अशी एकाच दमात माझ्या पदरात पडली. तीन दुपारी मी शाळेच्या चटईवर दौत-टाक घेऊन बसले आणि दहा घरची पत्रं लिहिली. घरच्या बायका सांगायला यायच्या, आणि एकीलाही थोडक्यात सांगता येत नव्हतं. आमच्या सुताराचा शोध घे, एवढी एक ओळ लिहायची, पण तिच्याआधी म्हशीचं वेत, विहिरीचं भांडण, चुलत्याची गुडघेदुखी, सगळं यायलाच हवं. मी चिडून म्हणायची, कागद संपला. तर त्या म्हणायच्या, कडंनं लिव. एक नवी लग्न झालेली पोर होती. बाकीच्या उठून जाईपर्यंत ती काही बोलली नाही. मग माझ्या कानाशी तोंड आणून तिनं दोन वाक्यं सांगितली, आणि म्हणाली, "गुर्जींना सांगताना लई लाज वाटायची वो. म्हनून कदी लिवलंच न्हाई." मी खाली मान घालून ती दोन वाक्यं लिहिली.

आत्याबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. पण जेवत होत्या. रागानं का होईना, दोन्ही वेळा समोरची भाकरी संपवत होत्या. मला काही हवं-नको सांगायचं तर माझ्या लेकीला सांगत. "तुज्या आईला म्हनावं, मीठ कमी हाय." घरातलं ते बोलणं सहन करण्यापेक्षा मला संध्याकाळची प्रार्थनासभा बरी वाटायला लागली. ती पुन्हा आमच्या दारात आली होती. बायबलबाई पुन्हा बादशहापर्यंत जाऊन येत होती, आणि भाकरी पुन्हा करपत होती. एके दिवशी शेजारीण काही न बोलता चुलीपाशी येऊन बसली, आणि प्रार्थना चालू असताना डोळे मिटूनच चाचपत माझी भाकरी उलटत राहिली.

जोंधळा हुरड्याला आला होता तेव्हा पहिली बातमी लागली. वस्तीतला एकजण पलटणीत मोटार हाकत होता. त्यानं आईला लिहिलं होतं की तुमच्या सांगण्यावरून चौकशी केली, सुतार एका मोठ्या इस्पितळात आहे, जिवंत आहे, हाताला मार लागलाय, मी स्वतः भेटून आलो, पण तो फारसं बोलत नाही. पाळकांनी हे वाचलं आणि देवळात जो हलकल्लोळ उडाला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. मला मात्र रडू आलं नाही. जिवंत आहेत म्हणताच माझा राग परत उसळला. जिवंत आहेत तर लिहीत का नाहीत? साऱ्या वस्तीनं महिनाभर हाच प्रश्न घोळवला. कोणी म्हणे डोक्यावर परिणाम झाला असेल. कोणी म्हणे बायकोवर रुसला असेल, आणि माझ्याकडं बघे. सरकारी खबर आपल्याला का आली नाही, असंही पाळक पुन्हा पुन्हा विचारत होते. मी खोट्या पत्रांची कबुली दिली होती. त्या पहिल्या पत्राबद्दल अजून एका माणसालाही सांगितलं नव्हतं.

मग एका रविवारी पाळकांनी सगळी पत्रं वाचून झाल्यावर कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढलं. ते फोडलेलं नव्हतं. ते चालत माझ्यापर्यंत आले आणि पाकीट माझ्या हातात ठेवून म्हणाले, "हे तुमचं आहे, सूनबाई. घरी नेऊन वाचा."

आणि आमच्या मंडळीनं, जिला शेजारच्या घरात काय शिजतंय ते कळल्याशिवाय झोप येत नसे, त्या मंडळीनं एकदम दुसरीकडं बघायला सुरुवात केली. कोणी छपराचे पत्रे मोजले, कोणी लुगड्याचा काठ तपासला. बायबलबाईनं तर डोळेच मिटून घेतले. पाकिटावर पाळकांचा पत्ता होता. अक्षर मालकांचं नव्हतं. आत्याबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या, आणि स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवलेल्या हातांकडं बघत होत्या. पाकीट मागायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं, ते मला दिसत होतं.

मी पाकीट पाळकांकडं परत केलं. "तुम्हीच वाचा," मी म्हणाले.

त्यांनी फोडलं. वाचायला लागले, त्याच वंशावळीच्या सुरात. मालकांनी माझ्यासाठी सांगून लिहवून घेतलं होतं. पूल बांधताना अपघात झाला आणि उजवा हात मनगटापासून काढावा लागला. हे पत्र शेजारच्या खाटेवरचा माणूस लिहून देतो आहे. तुझं पत्र मला अपघाताच्या आधीच मिळालं होतं. तू म्हणालीस त्याप्रमाणं कागदोपत्री घरचा पत्ता बदलून गावचा करून घेतला. दुसऱ्याच्या तोंडून किंवा दुसऱ्याच्या हातून आलेलं एक अक्षरही मला नको, असं तू लिहिलं होतंस. त्यानंतरचं तुझं एकही पत्र इस्पितळात पोचलं नाही. माझा हात गेला, तेव्हा मला वाटलं, आता मला तुला कधीच लिहिता येणार नाही. डाव्या हातानं शिकतो आहे, जमलं की लिहीन, असं म्हणत राहिलो. पण मोटारवाला येऊन आईची हकिगत सांगून गेला, म्हणून राहवलं नाही. माफ कर. यापुढचं पान तुझ्याशिवाय कोणी वाचू नये, अशी पाळकसाहेबांना विनंती आहे.

पाळक थांबले. कागद त्यांच्या हातात तसाच राहिला. देवळात आता कोणीही पत्र्याकडं बघत नव्हतं. मी जे सात-आठ महिने दाबून ठेवलं होतं ते माझ्या नवऱ्यानं अनोळखी माणसाच्या अक्षरात सगळ्यांना सांगून टाकलं होतं, आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. सरकारी खबर चावडीतच कुठंतरी पडून राहिली, हे आता साऱ्यांना कळलं. एका माणसाचा हात गेला होता आणि माझ्या एका वाक्यापायी तो एवढे दिवस मुका राहिला होता. मी आत्याबाईंकडं बघितलं नाही. बघण्याची हिंमत नव्हती.

"आजून हाय का म्होरं?" आत्याबाई पाळकांना म्हणाल्या.

"आहे, आजी. एक पान आहे. पण त्यानं लिहिलंय की कोणी वाचू नये..."

"त्याला काय कळतंय," आत्याबाई म्हणाल्या. मग दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या माझ्याकडं वळल्या. त्यांच्या डोळ्यांत माफी होती असं मी म्हणणार नाही. राग होता, आणि तो पुढं पुष्कळ दिवस राहिला. "तू सांग. तुजं पत्र हाय. वाचू दे का न्हाई?"

सगळी मंडळी माझ्या तोंडाकडं बघत होती. पाळकांचा आवाज पहिलं पान वाचताना खाली गेला होता आणि मागच्या रांगेतल्या बायका कानाला हात लावून पुढं वाकल्या होत्या.

"वाचा," मी म्हणाले. "आणि जरा मोठ्यानं वाचा. मागं ऐकू जात नाही."